तांडेलबाईंच्या वर्गात खुर्ची नव्हती

शाळेच्या नव्या सभागृहाला तांडेलबाईंचं नाव द्यायचं ठरलं आहे. मी ती शाळा सोडून कल्याणला आले त्याला सात वर्षं झाली, तरी मला पत्र आलं. ‘जुन्या सहकारी या नात्याने दोनशे शब्दांत आठवण लिहून द्यावी.’ लिहिणाऱ्याला कष्ट नकोत म्हणून सोबत नमुनाही जोडला होता. ‘बाईंचा स्वभाव प्रेमळ व मनमिळाऊ होता. नाट्यकलेवर त्यांचे निस्सीम प्रेम होते.’

बाई प्रेमळ नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. आणि ज्या शाळेनं त्यांच्याकडून नाटक काढून घेतलं, त्या शाळेनं आता त्यांच्या नावानं पडदा वर-खाली करावा हे मला सहन होत नाही. बाई गेल्या वर्षी गेल्या. त्या असत्या तर त्यांनी पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली असती. मला तेवढं जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे. दोनशे शब्दांत बसणार नाही.

मी डोंबिवलीच्या त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा एशियाड नुकतंच होऊन गेलं होतं आणि घरोघर टीव्ही येत होते. मला नववी अ दिली होती. शेजारी नववी ब. मधे भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते आणि पलीकडे बाकं सरकवण्याचा प्रचंड आवाज सुरू झाला. पाच मिनिटं झाली, थांबेना. मी तावातावानं गेले. पाहते तर सगळी बाकं भिंतीला लावलेली, चाळीस मुलं मधल्या मोकळ्या जागेत उभी, आणि शिक्षकांची खुर्ची वर्गाबाहेर व्हरांड्यात. खुर्चीवर डस्टर ठेवलेलं.

“बाई, माझा तास चालू आहे,” मी म्हटलं.

“माझाही चालू आहे,” तांडेलबाई म्हणाल्या. “आम्ही किल्ला बांधतोय. दोन मिनिटांत होईल. तुमचं प्रमेय पळून जातंय का?”

मुलं हसली. मी परत आले आणि दिवसभर धुमसत राहिले. 

बाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या असतील. उंच, थोराड हाडाच्या, काळ्यासावळ्या. खळ घातलेलं सुती लुगडं म्हणावं अशी जाड पाचवारी साडी, वेणीत काही नाही, हातात पुरुषी घड्याळ. राहायला ठाण्याला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई मासळी विकायची. लेक मराठीत एम.ए. झाली, तीही पहिल्या वर्गात. आमच्या स्टाफरूममध्ये ‘तांडेलबाईंचं मराठी किती शुद्ध आहे हो’ असं कौतुकानं बोललं जायचं. त्या कौतुकात काय होतं ते बाईंना कळायचं, मला कळायला वेळ लागला. आमच्यापैकी कुणाच्याही मराठीचं असं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं.

बुधवारी त्या डब्यात सुके बोंबील आणायच्या. एकदा कुणीतरी हळूच म्हणालं, “बाई, जरा वास येतो.”

“येतो ना. मलाही तुमच्या गवारीचा येतो. मी कधी बोलले?” असं म्हणून त्यांनी डबा संपवला, धुतला, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा आणला.

त्यांचं शिकवणं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नववीच्या पुस्तकात एका जुन्या ऐतिहासिक नाटकातला एक प्रवेश होता. किल्लेदार लढाईवर गेलेला. म्हातारा सासरा शत्रूशी आतून बोलणं लावून बसलेला. तो सुनेकडे किल्ल्याच्या दरवाजाच्या चाव्या मागतो आणि सून देत नाही. एवढाच प्रवेश. बाकीच्या शाळांत हा पाठ दोन तासांत उरकायचा. एका मुलानं सासऱ्याचं वाचायचं, एका मुलीनं सुनेचं, दोघांनीही बसल्या जागी मान खाली घालून. मग ‘किल्लेदारणीचे स्वभावचित्र रेखाटा’ याचं उत्तर शिक्षकांनी गाइडमधून सांगायचं आणि सगळ्यांनी उतरवून घ्यायचं. धाडसी, बाणेदार, कर्तव्यदक्ष. पाच गुण.

तांडेलबाई त्या पाठाला तीन आठवडे घ्यायच्या.

“स्वभाव नंतर,” त्या म्हणायच्या. “आधी सांगा, ती उभी कुठे आहे? दारात? खिडकीशी? चाव्या कमरेला आहेत की हातात? हे माहीत नाही आणि निघाले बाणेदार लिहायला!”

मग त्या घरचा अभ्यास द्यायच्या, आणि तो अभ्यास दुसऱ्या कुठल्याही शाळेत कुणी दिला नसेल. घरातलं एक भांडण आणायचं. कुणी काही मागतंय आणि दुसरा देत नाही, असं खरोखर कानांनी ऐकलेलं. ते वर्गात उभं राहून करून दाखवायचं, घरात जसं बोलले तस्संच, घरच्या भाषेत. मग लगेच, श्वास खाली बसायच्या आत, पुस्तकातली वाक्यं म्हणायची. 

पार्टिशनच्या पलीकडून मला सगळं ऐकू यायचं. “चाबी दे ना यार सायकलची!” “नाय देणार जा, काय करशील?” आणि त्याच दमात, त्याच पोराच्या तोंडून, शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य: “मामंजी, या चाव्या मागण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?” माझी गणिताची मुलं लिहायची थांबायची. मीही थांबायचे. शंभर वर्षांचं ते जड वाक्य अचानक कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं वाटायचं. ही युक्ती होती हे मला कळत होतं, आणि ती चालत होती हेही दिसत होतं. बाईंच्या वर्गातली मुलं गाइड विकत घेत नसत. घेतलेलं सापडलं तर बाई ते रद्दीत टाकायच्या आणि रद्दीवाल्याला स्वतः हाक मारायच्या.

गोड बोलणं त्यांना येत नव्हतं. एखादी मुलगी मधेच रडायला लागली तर म्हणायच्या, “रडू नकोस. किल्लेदारणीकडे उत्तर आहे, ती कशाला रडेल? तुला वाक्य पाठ नाही म्हणून तू रडतेयस. बस.” दहापैकी सहाच्या वर गुण देत नसत. पालक तक्रार घेऊन आले की सांगायच्या, “सहा चांगले आहेत. मला स्वतःला मी साडेपाच देते.”

एका स्नेहसंमेलनात हाच प्रवेश करायचं ठरलं. किल्लेदारणीच्या भूमिकेला बाईंनी वंदना जाधवला घेतलं. वंदना रेल्वेलगतच्या चाळीतली, बौद्ध कुटुंबातली, वडील एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत. मुलगी ताठ उभी राहायची, डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. तालीम पाहून आमच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “करते छान हो. पण किल्लेदारीण जरा उजळ हवी होती, नाही का?”

तांडेलबाईंनी मानही वळवली नाही. “किल्ल्यावर ऊन फार असतं,” म्हणाल्या.

वंदनानं ते काम असं केलं की मागच्या रांगेतले शिट्ट्या मारायला आलेले दहावीचे टगे गप्प झाले. संस्थेचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नानांनी भाषणात सांगितलं, “स्त्री ही घराच्या चाव्या सांभाळणारी शक्ती आहे.” टाळ्या पडल्या. हे वाक्य मी विसरलेले नाही, कारण पुढच्याच वर्षी ते प्रकरण झालं.

नानांची नात गौरी नववी बमध्ये आली होती. हुशार, घाबरट, सतत ओढणी सारखी करणारी. भांडण आणायचा अभ्यास मिळाला तेव्हा बाकीच्यांनी नेहमीचं आणलं. रेशनचं, टीव्हीचं, नळाचं. गौरीची पाळी शेवटी आली. पार्टिशनच्या अलीकडे मी पेपर तपासत होते, मुलं गणितं सोडवत होती.

पलीकडून गौरीचा आवाज आला. पण तो तिचा नव्हता, एका मोठ्या बाईचा होता, थकलेल्या.

“नाना, माझी सर्टिफिकेटं द्या. बी.एस्सी.चं आणि शाळा सोडल्याचं. नाशिकच्या कॉलेजात लॅबमध्ये जागा आहे, सोमवारी बोलावलंय.”

मग तिनेच म्हाताऱ्याचा आवाज काढला. तो इतका हुबेहूब होता की माझ्या वर्गातल्या एका मुलानं तोंडावर हात ठेवला.

“या घरात आलेली वस्तू या घराची. कपाटात आहेत, सुरक्षित आहेत. तू कुठे जाणार आहेस? लोक काय म्हणतील, मुलगा गेला आणि सुनेला घराबाहेर काढली?”

“मला कुणी काढत नाहीये. मी जातेय.”

“कपाट बंद आहे.”

मग गौरी, धाप लागलेली, पुस्तकातलं म्हणाली, “मामंजी, या चाव्या मागण्याचा...” आणि तिथेच थांबली. कारण तिच्या घरात चाव्या उलट्या बाजूला होत्या. ज्याच्याकडे चाव्या होत्या तोच देत नव्हता. ते तिला त्या क्षणी कळलं असणार. मलाही कळलं.

गौरीची काकू, माधवी, मला बघून माहीत होती. नानांचा बंगला आणि आमची बिल्डिंग एकाच गल्लीत. तिचा नवरा, नानांचा धाकटा मुलगा, दोन वर्षांपूर्वी वारला होता. मान खाली घालून भाजी आणायची. ती बी.एस्सी. आहे हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

चाळीस मुलं म्हणजे चाळीस घरं. संध्याकाळी सगळ्या डोंबिवलीत बोभाटा झाला, की एवढी शाळा चालवणारे नाना सुनेची सर्टिफिकेटं कपाटात कोंडून बसले आहेत.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पाध्येसरांनी मीटिंग बोलावली. पाध्येसर वाईट नव्हते. शाळेत दोन पाळ्यांसाठी वर्ग कमी आहेत म्हणून रात्रंदिवस धावणारा माणूस. त्यांनी एक कागद टाइप करून आणला होता आणि तो तांडेलबाईंसमोर ठेवला. “विद्यार्थिनीने सादर केलेला प्रसंग पूर्णतः काल्पनिक असून तो माझ्या सूचनेवरून रचण्यात आला होता. त्याबद्दल मी दिलगीर आहे.”

“बाई, एवढी सही करा,” पाध्येसर म्हणाले. “प्रकरण मिटेल. नववी-दहावीचं मराठी तुमच्याकडेच राहील. नानांचा शब्द आहे.”

बाईंनी कागद वाचला. “म्हणजे मुलगी खोटं बोलली.”

“तसं नाही हो. नाटक होतं ते. नाटकात काय खरं असतं?”

“पाध्येसर, वीस वर्षं मी मुलांना सांगतेय की नाटकात खोटं चालत नाही. आणि आता लिहून देऊ, की चालतं?”

“भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका.”

“मी भावनेच्या भरात असते तर हा कागद फाडला असता.” त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला. मग पिशवीतून गुणांची वही काढली, गौरीच्या नावापुढे दहा लिहिले आणि वही सगळ्यांना दिसेल अशी फिरवून धरली. “पाठ बरोबर केला पोरीनं. दहापैकी दहा. वीस वर्षांत पहिले. हे काल्पनिक नाही.”

मला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी बसून राहिले. 

मग दुसरा कागद आला, आमच्यासाठी. शिपायानं तो टेबलावरून फिरवला. ‘नाटकाचे पाठ उभ्याने करून घेण्याची व घरगुती प्रसंग वर्गात मांडण्याची पद्धत शालेय शिस्तीस बाधक आहे, असे आम्हा शिक्षकांचे मत आहे.’ खाली सह्या. माझ्यापर्यंत आला तेव्हा सोळा झाल्या होत्या. मी सतरावी केली. माझी नोकरी कायम व्हायला चार महिने होते, घरी सासरे अंथरुणावर होते. ही कारणं खरी आहेत. कारणं नेहमी खरीच असतात. बाई खिडकीशी उभ्या होत्या आणि कोण सही करतंय ते एकेकाकडे बघत होत्या. रागानं नव्हे. हजेरी घेताना बघतात तसं.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गॅलरीतून मला दिसलं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. तांडेलबाई आपल्या आईला घेऊन गल्लीत आल्या. म्हातारी सत्तरीची, कोळी पद्धतीचं लुगडं नेसलेली, हातात मासळीची टोपली. दोघी नानांच्या बंगल्याच्या फाटकापाशी पायरीवर बसल्या. म्हातारीनं टोपली पुढ्यात ठेवली.

गल्लीत खिडक्या उघडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, आता आरडाओरडा होणार, शिव्या होणार. लोक त्याची वाटच बघत होते. झालं असतं तर बरं झालं असतं, मग त्यांना हुसकून लावता आलं असतं. पण दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. टोपली रिकामी होती, घासून धुतलेली होती. तरी गल्लीतल्या निम्म्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. रिकाम्या टोपलीचा वास येणारी माणसं मी त्या दिवशी पाहिली, आणि त्यात माझ्या घरची होती.

साडेअकराला नाना बाहेर आले. “हे काय चालवलंय तांडेलबाई? तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. आम्ही बसलोय फक्त. माधवीताईंचे कागद त्यांना मिळाले की उठतो.”

“पोलीस बोलवीन.”

“बोलवा. त्यांनाही विचारू, बी.एस्सी.चं सर्टिफिकेट पास होणाऱ्याचं असतं की सासऱ्याचं.”

नाना आत गेले. शेजारच्या एका बाईंनी पाणी आणून दिलं, तेव्हा म्हातारीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “पानी नको गो बाय. त्या पोरीचे कागद दे म्हनाव.” बस, एवढंच.

पाऊण वाजता दार उघडलं. नानांची बायको, माई, बाहेर आली. ह्या माईंना मी कधी फाटकाबाहेर पाहिलं नव्हतं. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात खाकी पाकीट. कपाट नानांचं असेल, चावी पस्तीस वर्षं माईंच्या कमरेला होती. मागोमाग माधवी आली. माईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. पायरीवरच्या दोघींकडे पाहिलंसुद्धा नाही. “घे,” म्हणाल्या, “आणि जेवून जा. वरण-भात झालाय.”

माधवी दुसऱ्या दिवशी नाशिकला गेली. म्हातारी आणि बाई उठल्या, टोपली घेतली, आणि चालत स्टेशनकडे गेल्या. 

इथे गोष्ट संपवली तर ती सभागृहाच्या उद्‌घाटनाला चालेल. पण गौरीचं काय झालं ते कुणी विचारत नाही. गौरीला घरात मार बसला. किती, ते मला माहीत नाही. हात प्लास्टरमध्ये होता एवढं मी पाहिलं. आठवड्याभरात तिला शाळेतून काढून कल्याणच्या शाळेत घातलं आणि तिचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. याचा राग मला नानांवर आहेच, पण बाईंवरही आहे. मुलांच्या घरातली आग वर्गात आणवायची, आणि ते मूल पुन्हा त्याच घरात झोपायला जाणार आहे याचा विचार करायचा नाही? मी त्यांना हे तोंडावर बोलले. सही केल्यानंतर मला तोंड उरलं नव्हतं, तरी बोलले.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “दहा दिले मी तिला. प्लास्टर बघायला गेले तर दारातून परत पाठवलं.” पण त्यानंतर त्यांनी अभ्यास बदलला. भांडण आणायचं ते रस्त्यावरचं, नळावरचं, बाजारातलं. घरातलं नाही. चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. 

अर्थात अभ्यास द्यायला वर्ग फार दिवस राहिला नाही. जूनमध्ये त्यांना सहावी डचा भूगोल आणि वाचनालय दिलं. नववीचं मराठी एका सरांकडे गेलं. पार्टिशनपलीकडे शांतता झाली. ‘धाडसी, स्वल्पविराम, बाणेदार, स्वल्पविराम,’ एवढंच ऐकू यायचं. सगळी मुलं उतरवून घ्यायची. निकाल चांगला लागला.

बाई आठ वर्षं भूगोल शिकवत राहिल्या. राजीनामा द्यावा म्हणून वाट पाहणाऱ्यांना त्यांनी ते सुख दिलं नाही. आणि रविवारी स्वतःच्या घरी, कोळीवाड्यातल्या अंगणात, त्या जुनी नाटकं शिकवू लागल्या. फुकट. पहिल्या रविवारी चौदा मुली ठाण्याला गेल्या. मग शाळेचं परिपत्रक निघालं की शिक्षकांच्या खाजगी वर्गांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई होईल. शाळेतले निम्मे शिक्षक घरी गणित-इंग्रजीच्या शिकवण्या घेत होते, त्यांना ते परिपत्रक लागू झालं नाही. दिवाळीपर्यंत चार मुली उरल्या. त्यातली एक वंदना. ती तेव्हा दिवा स्टेशनजवळ राहायला गेली होती, हंडाभर पाणी भरून झाल्यावर निघायची. दहावी होऊन कॉलेजात गेली तरी यायची.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेनं त्यांना शाल दिली. पाध्येसरांनी भाषणात भूगोलाचा उल्लेख केला.

त्यानंतर तीन वर्षांनी मी ठाण्याला गेले. माझी नोकरी कायम होऊन दहा वर्षं उलटली होती, सासरे गेले होते, मी शाळाही बदलली होती. आता घाबरायला काही राहिलं नव्हतं, तेव्हा मला धैर्य आलं. रविवार होता. घर सापडायला वेळ लागला नाही. खाडीत मासा उरला नव्हता, बाईंची आई वारली होती. अंगणात आठ-नऊ मुली उभ्या होत्या. सगळ्या कोळीवाड्यातल्या आणि मागच्या चाळीतल्या, आमच्या शाळेतली एकही नाही. साडी नेसलेली वंदना एकीला धरून उभं कसं राहायचं ते दाखवत होती. ती आता स्वतः शिक्षिका झाली होती.

बाईंनी मला पाहिलं आणि शिकवणं चालू ठेवलं. मी तासभर ओट्याच्या कडेला उभी राहिले. तास संपला नाही, पण त्या माझ्याकडे आल्या. केस पूर्ण पांढरे, घड्याळ तेच पुरुषी.

“बोला केळकरबाई.”

“बाई, मी त्या दिवशी सही केली.”

“सतरावी. माहितीय.”

“चुकलं माझं. नाटकाची ती पद्धत चुकीची नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं.”

मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. जाऊ दे, असं. किंवा चिडतील. त्यांनी मान जरा कलती केली आणि मी म्हटलेलं जणू मुलीनं म्हणून दाखवलंय अशा रीतीनं ऐकलं.

“वाक्य बरोबर आहे,” म्हणाल्या. “पण हे स्टाफरूममध्ये म्हणायचं होतं. सोळा जणांनंतर आणि बाकीच्यांच्या आधी. तिथे त्याचं काम होतं. इथे माझ्या अंगणात त्याचं मी काय करू?”

मी पिशवी खांद्याला लावली.

“चहा घेणार?”

“नको.”

“मग या.”

मी निघाले. गल्ली अरुंद होती, पुढे रस्त्याला मिळत होती. मागे बाईंचा आवाज आला, मुलीला उद्देशून.

“आता म्हण. कुणासाठी म्हणायचं? माझ्यासाठी नाही, मी जवळ आहे. त्या बाई चालल्यात ना, निळ्या साडीतल्या, त्यांना ऐकू गेलं पाहिजे. त्या वळल्या नाहीत तरी चालेल. पण ऐकू गेलं पाहिजे.”

मुलगी म्हणाली. बाईंना पटलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मी तोवर रस्त्याच्या तोंडाशी पोचले होते, समोरून रिक्षा येत होत्या. तिसऱ्यांदा तिचा आवाज आला तो शब्दन् शब्द माझ्या पाठीवर आला. मी वळले नाही. रिक्षाला हात केला.